ट्रिगर लावूनही फॅटमधला बदल लॉगमध्ये सापडत नाही तेव्हा

तक्रार बहुतेक वेळा बिल निघाल्यावरच येते. सचिवांचा फोन असतो: "ओ साहेब, एकशे बारा नंबरचं फॅट पावतीवर सहा-आठ हाय आन् बिलात सहा-दोन. तुम्ही ते बदल धरायचं काय बसवलंय, त्यात तर कायबी न्हाई." मागं सभासदाचा चढलेला आवाजही ऐकू येत असतो.

म्हशीच्या दुधाचा दर ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून ठरतो, गाईचा ३.५ आणि ८.५ धरून. त्याच्या वर-खाली पॉईंटागणिक, म्हणजे ०.१ गणिक, दर हलतो. सहा पॉईंटचा फरक पडला की दहा दिवसांच्या बिलात तो लगेच डोळ्यांवर येतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावात डेअरीचं फॅट हा काय नाजूक विषय आहे हे इथं दूध घालणाऱ्या कुणालाही विचारा.

मी ज्या संस्थांचं काम बघतो तिथली मांडणी साधारण सारखीच आहे. एक संगणक, त्यावर एसक्यूएल सर्व्हरची फुकट मिळणारी एक्स्प्रेस आवृत्ती, फॅट मशीन आणि वजनकाटा थेट जोडलेला, आणि व्हिज्युअल बेसिकच्या जमान्यात लिहिलेलं संकलनाचं सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअरचा मूळ कोड बऱ्याचदा कुणाकडंच नसतो. म्हणून बदल पकडायचा तर डेटाबेसमध्येच काहीतरी करावं लागतं, आणि ते काहीतरी म्हणजे ट्रिगर, टेबलाला हात लागला की आपोआप चालणारा छोटा कोड. संकलनाच्या टेबलावर ट्रिगर, शेजारी एक बदल-लॉगचं टेबल, झालं काम. निदान तसं वाटतं.

मुळात ट्रिगरला रेकॉर्ड बदललं हे कळतच नाही. त्याला एवढंच कळतं की या टेबलावर अमुक जातीचं स्टेटमेंट, म्हणजे ओळ भरायचा (इन्सर्ट), बदलायचा (अपडेट) किंवा पुसायचा (डिलीट) हुकूम, चाललं. खरंच काही बदललं का, आधीची ओळ कुठली आणि नंतरची कुठली, हे तुम्ही आत लिहिलेली क्वेरी ठरवते. "लॉग गप्प आहे" आणि "लॉग भरून वाहतोय" या दोन्ही तक्रारी इथूनच निघतात.

ट्रिगर चालू आहे का

हे विचारायला लाज वाटते, पण आधी तेच बघावं. सिस-ट्रिगर्स या सिस्टीम व्ह्यूमध्ये प्रत्येक ट्रिगरसमोर तो डिसेबल आहे की नाही याचा कॉलम असतो. मार्चअखेरीला जुना डेटा हलवताना कुणीतरी वेगासाठी ट्रिगर बंद करतो आणि परत चालू करायचं राहून जातं. असा बंद ट्रिगर बॅकअपमध्येही बंदच जातो आणि रिस्टोअर केल्यावर बंदच परत येतो. संगणक खराब झाला, नव्यावर बॅकअप चढवला आणि तेव्हापासून लॉग थांबला असेल, तर तो बॅकअप ट्रिगर बसवण्याच्या आधीचा तर नव्हता ना, तेही बघा.

दुसरी गोष्ट ट्रिगरला वळसा घालून आत येणाऱ्या डेटाची. पूर आला की संकलन वहीवर होतं, हे २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदीकाठच्या गावांनी पुरेपूर पाहिलंय. लाईट येते तेव्हा वहीतलं सगळं एक्सेलमध्ये चढवून एकदम आत ओतलं जातं. हे ओतणं बल्क इन्सर्ट, बीसीपी किंवा डॉटनेटमधल्या एसक्यूएल बल्क कॉपीनं झालं असेल तर ट्रिगर चालत नाही. तो चालवायचा पर्याय आहे, पण मुद्दाम सांगावा लागतो. मग लॉगमध्ये एक विचित्र चित्र दिसतं. चुकीची फाईल भरली गेली, म्हणून त्या दिवसांच्या नोंदी पुसून नवी फाईल भरली. पुसल्याचं लॉगमध्ये आलं, भरल्याचं आलं नाही. वाचणाऱ्याला वाटतं नोंदी पळवल्या. ट्रंकेटनं टेबल रिकामं केलं असेल तर पुसल्याचंही येत नाही, कारण ट्रंकेटला डिलीटचा ट्रिगर लागू होत नाही.

अशा एकगठ्ठा भरणीसाठी ओळीओळीचा लॉग मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. कुठली फाईल, कुणी भरली, किती ओळी, एकूण लिटर किती, एवढी एक नोंद इम्पोर्ट करणाऱ्या स्क्रिप्टनंच लॉगमध्ये टाकावी. वहीशी ताळा करायला ती जास्त कामाची.

'दुरुस्ती' बटणामागे काय चालतं

खरी गोम बहुतेक वेळा इथं असते.

आपण ट्रिगर लिहिताना मनात धरतो की दुरुस्ती म्हणजे अपडेट. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तसं असेलच असं नाही. त्या काळची एक लोकप्रिय पद्धत म्हणजे जुनी ओळ डिलीट करायची आणि फॉर्मवर जे आहे ते नवी ओळ म्हणून इन्सर्ट करायचं. लिहिणाऱ्याचं काम सोपं होतं, एकच 'सेव्ह' दोन्हीकडं चालतं. तुमचा ट्रिगर फक्त अपडेटवर बसलेला असेल तर त्याच्या लेखी काही घडलेलंच नाही.

तपासायला फार काही लागत नाही. संकलनाच्या वेळेबाहेर संस्थेत जा, एखादी चाचणी नोंद करा, तिचं फॅट बदला, आणि एक्स्टेंडेड इव्हेंट्सच्या (सर्व्हरवर काय चाललं ते टिपणाऱ्या सोयीच्या) सेशनमध्ये कुठली स्टेटमेंट्स गेली ते पाहा. एक्स्प्रेसबरोबर प्रोफायलर (तेच काम करणारं जुनं साधन) येत नाही, पण एक्स्टेंडेड इव्हेंट्स चालतात. तेही नको असेल तर काही दिवस इन्सर्ट, अपडेट आणि डिलीट तिन्हीवर ट्रिगर लावून नुसतं बघत बसा.

दुसरा प्रकार याहून खोल आहे. संकलनाच्या टेबलाची प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळ वेगळी ओळखायची खूण, कशी आहे बघा. बऱ्याच ठिकाणी ती तारीख, सकाळ-संध्याकाळ आणि सभासदाचा कोड या तिन्हींची मिळून असते. कागदावर चोख आहे: एका वेळी एका सभासदाची एकच नोंद. आता ऑपरेटरनं गर्दीत ११२ ऐवजी १२१ दाबलं. मागून लक्षात आलं, दुरुस्तीत जाऊन कोड बदलला. यात काही लबाडी नाही, रोज होतं. पण ट्रिगरच्या आत काय झालं?

एसक्यूएल सर्व्हर ट्रिगरला दोन तात्पुरती टेबलं देतो. 'डिलीटेड'मध्ये आधीच्या ओळी, 'इन्सर्टेड'मध्ये नंतरच्या. आपण दोन्ही प्रायमरी कीवर जोडतो आणि कुठला कॉलम वेगळा आहे ते बघतो. इथं 'डिलीटेड'मधल्या ओळीचा कोड १२१ आणि 'इन्सर्टेड'मधल्या ओळीचा ११२. जोडायला गेलं तर जोडीच लागत नाही. इनर जॉइन फक्त जोडी लागलेल्या ओळी देतो, म्हणून त्यातून शून्य ओळी बाहेर येतात, लॉगमध्ये शून्य ओळी जातात, कुठंही एरर नाही. म्हणजे एकाचं दूध दुसऱ्याच्या नावावर गेलं, हा सगळ्यांत महत्त्वाचा बदल नेमका लॉगमधून निसटला. भरीला त्याच दुरुस्तीत फॅटही बदललं असेल, तर तेही याच फटीतून गेलं.

याच्यावरचा पक्का उपाय म्हणजे टेबलाला एक न बदलणारा आकडा देणे, आयडेंटिटी कॉलम. तो एकदा पडला की एसक्यूएल सर्व्हर कुणालाही अपडेट करू देत नाही, आणि जोडी त्याच्यावर लावली की कोड बदलला तरी ओळ ओळखू येते. जुन्या सॉफ्टवेअरचं इन्सर्ट कॉलमची नावं न देता लिहिलेलं असलं तरी चालतं, कारण तिथं आयडेंटिटी कॉलम वगळूनच धरला जातो. घोळ होतो तो वर्षाअखेरच्या स्क्रिप्टमध्ये, जी 'सिलेक्ट स्टार' करून, म्हणजे सगळे कॉलम उचलून, जुना डेटा दुसऱ्या टेबलात टाकते. दोन्हीकडचे कॉलम आता सारखे राहत नाहीत आणि ती आदळते. मार्चअखेरीला हे शोधत बसण्यापेक्षा आधीच बघून ठेवा.

टेबलाला हात लावायची परवानगीच नसेल तर इनर जॉइन सोडून फुल आउटर जॉइन (जोडी न लागलेल्या ओळीही देणारा) वापरा. जोडी न लागलेली जुनी ओळ 'गेली' म्हणून आणि जोडी न लागलेली नवी ओळ 'आली' म्हणून लॉगमध्ये टाका, आणि दोघींवर एकच व्यवहार क्रमांक द्या. वाचायला थोडं किचकट, पण काही निसटत नाही. सॉफ्टवेअर डिलीट-इन्सर्ट करणारं असेल तर आयडेंटिटीचाही उपयोग नाही, नव्या ओळीला नवा आकडा पडणार. तिथं गेलेली आणि आलेली ओळ वेळेवरून जुळवायचं काम अहवालाच्या क्वेरीवर सोडावं, ट्रिगरमध्ये ते करायला जाऊ नये.

एका वेळी एकच ओळ धरणारा ट्रिगर

मायएसक्यूएलची सवय असलेला माणूस एसक्यूएल सर्व्हरवर आला की हमखास असा ट्रिगर लिहितो. व्हेरिएबल घ्यायचं, 'इन्सर्टेड'मधून कोड आणि फॅट त्यात उचलायचं, लॉगमध्ये टाकायचं. मायएसक्यूएलमध्ये ट्रिगर प्रत्येक ओळीला चालतो, एसक्यूएल सर्व्हरमध्ये एका स्टेटमेंटला एकदाच. शंभर ओळी बदलणारं एकच अपडेट चाललं तर 'इन्सर्टेड'मध्ये शंभर ओळी असतात आणि व्हेरिएबलमध्ये त्यातली कुठली तरी एक उरते. बाकी नव्याण्णवांचा पत्ता नाही.

ऑपरेटर एकेक नोंद दुरुस्त करतो तोवर हे कळतच नाही, सगळं बरोबर चालतं. संघाचं नवं दरपत्रक आलं आणि कुणी मागच्या तारखेपासून दर लावले की उघडं पडतं. लॉगमध्ये अख्ख्या गावातून एकाच सभासदाचा दर बदललेला दिसला की दुसरीकडं शोधू नका, हेच कारण. उपाय एकच: व्हेरिएबल काढा, थेट 'इन्सर्टेड'मधून सिलेक्ट करून लॉगमध्ये इन्सर्ट करा. कर्सर लावून ओळीओळीनं फिरण्याची काही गरज नाही.

याची उलट बाजूही आहे. शून्य ओळी बदलणाऱ्या अपडेटलाही इथं ट्रिगर चालतो. 'कुणीतरी हात लावला' अशी ढोबळ नोंद करणारा ट्रिगर असेल तर कुणीही हात न लावलेल्या दिवशीही त्याच्यात नोंदी दिसतात. 'इन्सर्टेड' आणि 'डिलीटेड' दोन्ही रिकामी असतील तर पहिल्याच ओळीत परत फिरावं.

४१२.३० वरून ४१२.३०

आता भरून वाहणारा लॉग. चेअरमन लॉग उघडतात आणि हजारो ओळी, जुनी किंमत ४१२.३०, नवी किंमत ४१२.३०. त्यांचा साधा प्रश्न: "बदललं काय मग?"

पहिलं कारण 'अपडेट' हे फंक्शन. ट्रिगरमध्ये अपडेट कंसात फॅट असं लिहिलं की फॅट बदललं का ते कळतं, असा समज सर्रास आहे. ते फंक्शन एवढंच सांगतं की स्टेटमेंटच्या सेट यादीत फॅटचा कॉलम होता. सॉफ्टवेअर सेव्ह करताना फॉर्मवरचे सगळेच कॉलम सेटमध्ये घालत असेल, तर नुसता मोबाईल नंबर बदलला तरी उत्तर 'हो'च येणार. किंमत खरंच वेगळी आहे का ते जुनी-नवी ओळ शेजारी ठेवूनच बघावं लागतं.

दुसरं कारण मोजमापाचं. रक्कम, दर, फॅट हे कॉलम फ्लोट असले की दशांश तंतोतंत साठत नाहीत. ०.१ आणि ०.२ ची बेरीज तिथं ०.३०००००००००००००००४ येते. बिलाची प्रोसेस दर वेळी रक्कम नव्यानं काढते, शेवटचा कुठला तरी अंक हलतो, पडद्यावर दोन दशांशच दिसतात म्हणून तो दिसत नाही, पण तुलनेत तो फरक धरला जातो. कॉलम डेसिमल (दशांश तंतोतंत साठवणारा प्रकार) करावा, दोन दशांशांचा. फक्त हे दहा दिवसांच्या मध्येच करू नका. एक तारीख, अकरा किंवा एकवीस धरून करा, नाहीतर एकाच बिलात निम्म्या रकमा एका हिशेबानं आणि निम्म्या दुसऱ्या हिशेबानं गोल होतील आणि पैशापैशाचा ताळा तुम्हालाच लावत बसावं लागेल. तोवर ट्रिगरमध्ये तुलना करताना दोन्ही बाजू डेसिमलमध्ये बदलून घ्या.

हा गोंगाट नुसता दिसायला वाईट नाही. समजा संस्थेचे ४०० सभासद आहेत, दोन वेळचं दूध, म्हणजे दिवसाला ८०० ओळी. सॉफ्टवेअर रोज रात्री चालू बिलाच्या सगळ्या ओळी परत हिशेबात घेत असेल तर पहिल्या दिवशी ८००, दहाव्या दिवशी ८,०००, सरासरी ४,४००. वर्षाला १६ लाखांवर ओळी, आणि त्यात खरे बदल मूठभर. एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेसला २०२२ च्या आवृत्तीपर्यंत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. लॉगच ती खाऊन टाकतो. आणि मग सकाळी सहाला फोन येतो की दूध घेता येईना, कारण ट्रिगर मूळ नोंदीच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये चालतो. लॉगला जागा मिळाली नाही की ट्रिगर पडतो, ट्रिगर पडला की संकलनाची नोंदही रद्द होते. पडद्यावर ११०५ नंबरची एरर दिसली, जागा देता येत नाही म्हणून, तर सॉफ्टवेअरवाल्याला फोन करण्याआधी लॉगच्या टेबलाचा आकार बघा. दारात किटल्यांची रांग लागलेली असताना तात्पुरतं करायचं म्हणजे लॉगच्या जुन्या ओळी फाईलमध्ये काढून घेऊन टेबलातून कमी करणे. ट्रिगर बंद करणं हा सोपा मार्ग आहे आणि म्हणूनच टाळावा. बंद केलेला ट्रिगर परत कधी चालू होतो ते वर सांगितलंच.

रिकामं फॅट

फॅट मशीन मध्येच बंद पडलं. लिटर आले, फॅट आलं नाही, कॉलममध्ये नल, म्हणजे काहीच न भरलेलं. ऑपरेटरनं तासाभरानं हातानं ६.२ भरलं. भांडण लागलं तर नेमकी हीच नोंद लागणार असते, आणि तीच लॉगमध्ये सापडत नाही.

कारण ट्रिगरमध्ये लिहिलेलं असतं: जुनं फॅट आणि नवं फॅट सारखं नसेल तर नोंद कर. नलशी केलेल्या कुठल्याही तुलनेचं उत्तर 'हो'ही नसतं आणि 'नाही'ही नसतं, ते 'माहीत नाही' असतं, आणि व्हेअर अट फक्त 'हो'ला आत घेते. नलवरून ६.२ झालं तरी गप्प, ६.८ पुसून नल केलं तरी गप्प.

काही जण नलच्या जागी शून्य धरून तुलना करतात. ती मला पटत नाही, कारण फॅट शून्य भरणं आणि फॅट न भरणं या डेअरीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिलीवर तर आधी संशय घ्यायला हवा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये स्वच्छ मार्ग म्हणजे एक्सेप्ट: नव्या ओळीचे कॉलम, एक्सेप्ट, जुन्या ओळीचे कॉलम, आणि त्यातून काही उरलं तर बदल झाला. एक्सेप्ट दोन नल सारखेच मानतो. कॉलम वीस असले तरी वीस अटी लिहाव्या लागत नाहीत. २०२२ च्या आवृत्तीपासून 'इज डिस्टिंक्ट फ्रॉम'ही आलंय, पण ती आवृत्ती असलेली संस्था मला अजून भेटायचीय.

एक्सेप्टची एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. मजकुराची तुलना तो कोलेशनप्रमाणे, म्हणजे डेटाबेसला लावलेल्या अक्षर-तुलनेच्या नियमांप्रमाणे, करतो. लहान-मोठी इंग्रजी अक्षरं बहुतेक कोलेशन एकच धरतात, आणि शेवटची रिकामी जागा तर तुलनेत मोजलीच जात नाही. खातेदाराचं नाव बँकेच्या फाईलला जुळत नाही म्हणून कुणी त्यातली नुसती अक्षरं लहानाची मोठी केली, तर असा बदल लॉगमध्ये येणार नाही.

देवनागरीत आणखी एक गंमत आहे. गोऱ्हे, कऱ्हाडकर अशा आडनावातला तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाईप होतो. एक म्हणजे ऱ हे वेगळं अक्षर घेऊन त्याला हलंत. दुसरी म्हणजे साधा र, हलंत आणि त्यापुढं न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, आतले कोड वेगळे. एका ऑपरेटरचा कीबोर्ड पहिल्या तऱ्हेचा, दुसऱ्याचा दुसऱ्या. दोघं आलटून पालटून सभासद मास्टर उघडून सेव्ह करतात. आता लॉगला हा बदल दिसणार की नाही हे कोलेशनवर अवलंबून. अंदाज बांधण्यापेक्षा नावाचा कॉलम व्हारबायनरीत, म्हणजे कच्च्या बाईटमध्ये, बदलून तुलना करा, म्हणजे बाईट हलला तरी नोंद होईल. आणि लॉगमध्ये 'गोऱ्हे वरून गोर्‍हे' अशी ओळ दिसली तर गोंधळू नका, ती खरी आहे.

ट्रिगर लावल्यावर दुसरंच काहीतरी बिघडलं

पावती क्रमांक अचानक भलतेच छापायला लागले? सॉफ्टवेअर नवी नोंद टाकल्यावर तिचा क्रमांक 'ॲट-ॲट आयडेंटिटी'नं विचारत असणार. ते या कनेक्शनवर शेवटी पडलेला आयडेंटिटी क्रमांक देतं, मग तो कुठल्याही टेबलातला असो. ट्रिगरनं लॉगमध्ये ओळ टाकली की शेवटचा क्रमांक लॉगचा. खरं तर तिथं 'स्कोप आयडेंटिटी' हवं, पण कोड आपल्या हातात नसेल तर लॉगच्या टेबलावरचा आयडेंटिटी कॉलमच काढून टाका. लॉगला वेळ आणि एक युनिक आयडेंटिफायर पुरतो.

सेव्ह केल्यावर 'दुसऱ्या वापरकर्त्यानं नोंद बदलली' असा संदेश येत असेल तर ट्रिगरच्या पहिल्या ओळीत 'सेट नोकाउंट ऑन' आहे का बघा. नसेल तर ट्रिगरमधल्या इन्सर्टचीही ओळसंख्या सॉफ्टवेअरकडं जाते आणि एकच ओळ बदलायची अपेक्षा असलेला प्रोग्रॅम गडबडतो.

कुणी बदललं

लॉगमध्ये बदल सापडला, आणि बदलणाऱ्याच्या रकान्यात 'एसए', म्हणजे सर्व्हरवर सगळे हक्क असलेलं लॉगिन. सगळ्या ओळींत 'एसए'. सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी एकाच लॉगिननं डेटाबेसला जोडलेलं असलं की ट्रिगरला तेवढंच कळणार. संगणकाचं नाव मिळतं, पण ते समोरचा प्रोग्रॅम जे सांगेल ते असतं, पुरावा म्हणून त्याच्यावर फार भिस्त ठेवू नये.

सॉफ्टवेअरमध्ये बदल करता येत असेल तर २०१६ च्या आवृत्तीपासून सेशन कॉन्टेक्स्ट आहे, म्हणजे त्या कनेक्शनपुरती माहिती ठेवायची जागा. ऑपरेटर आत आला की त्याचं नाव त्यात ठेवायचं, 'रीड ओन्ली' करून, आणि ट्रिगरनं तिथून वाचायचं. कनेक्शन पूलमधून (वापरून झालेली कनेक्शनं पुन्हा वापरायला ठेवतात तिथून) परत आलं की ते पुसलं जातं, म्हणून प्रत्येक वेळी कनेक्शन उघडल्यावर ते भरावं लागतं. एकदाच लॉगिनच्या वेळी भरलं की थोड्या वेळानं नाव रिकामं यायला लागतं. ती तक्रारही नेहमीची आहे.

इतर डेटाबेसवर असाल तर

मायएसक्यूएलमध्ये एकच ओळ उचलण्याचा प्रश्न येत नाही, पण नलचा येतो. तिथं लहान, बरोबर, मोठं अशा तीन चिन्हांचा नल-सुरक्षित ऑपरेटर आहे, त्याचा नकार वापरा. 'रिप्लेस' म्हणजे तिथं डिलीट आणि इन्सर्ट, त्यामुळं अपडेटचा ट्रिगर चालत नाही. ज्या टेबलावर ट्रिगर आहे तेच ट्रिगरमधून अपडेट करायला गेलात तर १४४२ ची एरर येते. 'शेवटचा बदल कधी' एवढंच भरायचं असेल तर बिफोर ट्रिगरमध्ये 'न्यू'च्या कॉलमला किंमत द्या.

पोस्टग्रेसमध्ये हे सगळ्यांत नीटस आहे. ट्रिगरलाच व्हेन अट लावता येते: जुनी ओळ नव्या ओळीहून वेगळी असेल तरच चाल. फक्त बिफोर ट्रिगरच्या फंक्शननं शेवटी 'न्यू' परत द्यायचं विसरू नका. नल परत दिलं तर ती ओळ बदलतच नाही, आणि एररही येत नाही.

ट्रिगर सोडून टेम्पोरल टेबल घ्यावं का

एसक्यूएल सर्व्हरची २०१६ किंवा पुढची आवृत्ती असेल तर माझं मत घ्यावं असंच आहे, निदान संकलनाच्या टेबलापुरतं. जुन्या ओळी सर्व्हर स्वतः इतिहासाच्या टेबलात ठेवतो. जोडी लावणं, नल, एक ओळ की शंभर, यातलं काहीच तुमच्या क्वेरीवर राहत नाही, आणि ते चालू असेपर्यंत ट्रंकेटही करता येत नाही. पण किंमत न बदलणाऱ्या अपडेटचीही ओळ तो ठेवतो, म्हणजे रात्रीच्या प्रोसेसचा गोंगाट आणि १० जीबीचा प्रश्न तसाच. कुणी बदललं हेही तो सांगत नाही. त्यासाठी मूळ टेबलात नावाचा कॉलम हवा.

आणि वेळ तो यूटीसीमध्ये (आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागं असलेल्या जागतिक वेळेत) ठेवतो. सकाळी सहाला केलेली दुरुस्ती तिथं मध्यरात्री साडेबाराला केल्याची दिसते. अहवालात साडेपाच तास मिळवल्याशिवाय तो चेअरमनांपुढं ठेवू नका. 'रात्री साडेबाराला डेअरी उघडून फॅट बदललं' ही बातमी गावात पसरली की कितीही यूटीसी समजावून सांगितलं तरी मागं येत नाही.

यातलं काहीही बसवलं तरी सॉफ्टवेअरचं लॉगिन 'एसए' राहिलं तर ते लॉगिन ट्रिगर बंदही करू शकतं आणि लॉग पुसूही शकतं. वेगळं लॉगिन करा, त्याला संकलनाच्या टेबलावर लागतील तेवढेच हक्क द्या, टेबल बदलायचा हक्क देऊ नका, आणि लॉगच्या टेबलावर काहीच देऊ नका. दोन्ही टेबलांचा मालक एकच असेल तर ट्रिगर तरीही लॉगमध्ये लिहू शकतो. लॉग वेगळ्या डेटाबेसमध्ये ठेवला असेल तर मात्र ही सवलत आपोआप मिळत नाही, आणि हक्क काढल्यावर पहिलीच नोंद अडते. म्हणून हा बदल संध्याकाळचं संकलन आटोपल्यावर करा, आणि निघण्याआधी एक नोंद टाकून, तिचा कोड बदलून, फॅट पुसून, परत भरून, शेवटी ती नोंद काढून, लॉगमध्ये सगळं आलं का ते सचिवांना शेजारी बसवून दाखवा.